अंतराळकथेतील प्रामाण्य आणि संभाव्यता

१

अंतराळप्रवासाच्या विज्ञानकथेचा निष्ठावंत वाचक एका बाबतीत इतर कथांच्या वाचकाहून निराळा असतो. कथा वाचून झाल्यावर तो तिचा हिशेब तपासावयास बसतो. यानाचा वेग, ग्रहाचे गुरुत्व, दोन ताऱ्यांमधील अंतर, पूर्वीच्या भागात सांगितलेल्या घटनेशी नंतरच्या भागाचा मेळ, या साऱ्यांची तो छाननी करतो आणि विसंगती आढळली की ती चारचौघांत मांडतो. विसाव्या शतकात अमेरिकेत व इंग्लंडात अशा वाचकांची संमेलने भरू लागली, त्यांची हौशी नियतकालिके निघाली, आणि त्यांतून जे वाद रंगले त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वाद प्रामाण्याचा. अनेक लेखकांनी मिळून वाढविलेल्या एखाद्या कल्पितविश्वात कोणती कथा प्रमाण मानावयाची आणि कोणती बाजूस सारावयाची, हा त्यातील प्रश्न. इंग्रजीत ज्याला ‘कॅनन’ म्हणतात ते हेच. दुसरा वाद संभाव्यतेचा. कथेत घडलेली गोष्ट ज्ञात भौतिकशास्त्रानुसार घडू शकेल काय, हा त्यातील प्रश्न.

विद्यापीठीय समीक्षेने या वादांकडे बहुधा दुर्लक्षच केले आहे. प्रौढ माणसांनी काल्पनिक यानाच्या इंधनावरून हमरीतुमरीवर यावे, हे तिला पोरकट वाटले असल्यास नवल नाही. परंतु या वादांच्या मुळाशी साहित्यविचारातील एक जुनाच प्रश्न उभा आहे: ललितकृतीतील सत्यावर अधिकार कोणाचा? लेखकाचा, कृतीच्या कायदेशीर मालकाचा, निसर्गनियमांचा, की वाचकाचा? आणि कृतीत असत्य आढळले, तर त्या असत्याचे वजन कशाने करावयाचे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर पहिल्याचाही उलगडा होण्यास मदत होते. ते उत्तर खुद्द या वादांच्या इतिहासातूनच काढता येते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

‘कॅनन’ हा शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मपरंपरेतला. कोणते ग्रंथ पवित्र शास्त्रात समाविष्ट आणि कोणते बाह्य, हे ठरविणारी ती मर्यादा. ललितकथेच्या चर्चेत तो शब्द रुळला तो एका थट्टेतून. १९११ साली रोनल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सक अभ्यासकांची पद्धती त्यांनी गंभीर चेहऱ्याने डॉइलच्या रहस्यकथांना लावून दाखविली. ग्रंथातील विसंगतीवरून त्याचे कर्ते अनेक असावेत असे अनुमान काढण्याची जी रीत त्या अभ्यासकांत रूढ होती, तिचे हे विडंबन होते. होम्सकथांत तशा विसंगती आयत्याच होत्या. १८८७ सालच्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसन यांना युद्धात झालेली जखम खांद्याला आहे. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत ती पायाला आहे. लेखकाच्या दृष्टीने हा निव्वळ विसर. परंतु कथाविश्व खरे मानून चालणाऱ्या वाचकाला विसर हे उत्तर चालत नाही; त्याला विश्वाच्या आतले उत्तर हवे असते. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा यांभोवती अशा उत्तरांचे एक वाङ्मयच उभे राहिले. थट्टा म्हणून सुरू झालेली पद्धती पुढच्या पिढ्यांनी मनोभावे आत्मसात केली आणि अंतराळकथेच्या वाचकांनी ती तेथूनच उचलली.

मराठी अभ्यासकाला या खटाटोपात परके वाटावे असे फारसे काही नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेदांचा गोंधळ माजला होता म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक चालले. त्यातही प्रक्षिप्त कोणते आणि मूळ कोणते हाच प्रश्न होता. मात्र एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. भांडारकर मंदिरातील पंडितांचा निर्णय हस्तलिखितांच्या पुराव्यावर उभा होता. तो पुरावा कोणालाही तपासता येत होता आणि निर्णयाशी मतभेदही व्यक्त करता येत होता. अंतराळकथेच्या क्षेत्रात प्रामाण्याचा निर्णय देणारी सत्ता कोणती, हे पुढे पाहावयाचे आहे.

३

संभाव्यतेचा वाद प्रामाण्याच्या वादाहून जुना आहे. ज्यूल व्हर्नने १८६५ साली आपल्या पात्रांना तोफेतून चंद्राकडे पाठविण्याची योजना रंगविली. एच. जी. वेल्सने १९०१ साली गुरुत्वाला अडविणारा एक पदार्थ कल्पून तोच प्रवास घडविला. १९०३ साली एका मुलाखतीत व्हर्नने या दोहोंतील फरकावर बोट ठेवले: आपण भौतिकशास्त्राचा उपयोग करतो आणि वेल्स मात्र नसलेला धातू शोधून काढतो, असा त्याच्या तक्रारीचा आशय होता. या तक्रारीत विनोद असा की, व्हर्नची तोफही हिशेबाला टिकत नाही. तोफेची लांबी ९०० फूट. तेवढ्या अंतरात पृथ्वीच्या गुरुत्वातून सुटण्याइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग गाठावयाचा, तर प्रवाशांच्या अंगावर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजारपटींहून अधिक भार येईल. तोफ डागताक्षणीच प्रवास संपेल.

मग व्हर्न आणि वेल्स दोघेही एकाच तराजूत सारखेच हलके ठरतात काय? येथे संस्कृत साहित्यशास्त्रातील एक संकल्पना उपयोगी पडते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाचा सविस्तर विचार केला आहे. शास्त्राला धरून नसलेली, लोकव्यवहारातही न आढळणारी, परंतु परंपरेने कवींनी स्वीकारलेली कल्पना म्हणजे कविसमय. चकोर चांदणे पितो, यश शुभ्र असते, या गोष्टींवर पक्षिशास्त्रज्ञाने वा रंगशास्त्रज्ञाने आक्षेप घेणे अप्रस्तुत होय. प्रकाशाहून अधिक वेगाने जाणारे यान हा अंतराळकथेचा कविसमय आहे. सापेक्षतेचा सिद्धांत ते होऊ देत नाही, हे लेखक जाणतो, वाचकही जाणतो. त्यावाचून ताऱ्या-ताऱ्यांतील कथा सांगताच येणार नाही, म्हणून दोघांनी मिळून ते मान्य केलेले असते. वेल्सचा गुरुत्वरोधक पदार्थ याच वर्गातला. तो एक सवलत उघडपणे मागतो आणि उरलेली कथा त्या सवलतीच्या मर्यादेत सांगतो. व्हर्न सवलत मागत नाही. तो आकडे देतो. जो आकडे देतो त्याने ते तपासले जाण्यास संमती दिलेली असते.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की, संभाव्यतेची मागणी सर्व कथांना सारखी लागू होत नाही. कथेने स्वतः जेवढे वचन दिले असेल, तेवढ्याचाच जाब तिला विचारता येतो. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. वचन दिले आणि ते मोडले, तरी कथेची हानी किती झाली, हे अजून ठरावयाचेच असते.

४

हॅल क्लेमेंट यांनी या वचनालाच खेळाचे रूप दिले. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या या लेखकाची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ साली ‘अस्टाउंडिंग’ मासिकातून क्रमशः आली. तिच्यातील मेस्क्लिन हा ग्रह सुमारे अठरा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. त्यामुळे तो चपटा झालेला आहे, त्याच्या विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवावर जवळजवळ सातशेपट आहे. कादंबरी चालू असतानाच त्याच मासिकात क्लेमेंट यांनी एक लेख लिहून आपली सारी आकडेमोड वाचकांपुढे ठेवली आणि खेळाचा नियम सांगितला: लेखकाने चुका शक्य तितक्या कमी कराव्यात, वाचकाने त्या शक्य तितक्या शोधाव्यात. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विज्ञानकथाप्रेमी मंडळाच्या सभासदांनी संगणकाच्या साहाय्याने हिशेब केला, तेव्हा अशा ग्रहाच्या विषुववृत्तावर धारदार कड निघेल आणि ध्रुवावरील गुरुत्व कथेतल्याहून पुष्कळच कमी भरेल, असे निष्पन्न झाले.

या शोधाने कादंबरीचे काय बिघडले? जवळजवळ काहीच नाही, हे लक्षणीय आहे. कादंबरीचा नायक बार्लेनन हा त्या ग्रहावरील एका लहानशा, सुरवंटासारख्या प्राणिजातीचा नाविक. थोड्याशा उंचीवरून पडणे म्हणजे मरण, डोक्यावर छप्पर असणे म्हणजे चिरडले जाण्याची भीती, वस्तू फेकण्याची कल्पनाच अपरिचित, असे त्याचे मनोविश्व त्या गुरुत्वाने घडविले आहे. प्रवासात ही भये एकेक करून ओलांडली जातात, आणि अखेरीस तो मानवांकडे मोबदला मागतो तो विज्ञानाच्या ज्ञानाचा. गुरुत्व सातशेपट असो की त्याच्या निम्म्याहून कमी असो, ते विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे प्रचंड प्रमाणात वाढते एवढ्यावरच ही सारी रचना उभी आहे. आकडा चुकला, परंतु कथेचा भार आकड्यावर नव्हताच, तो चढावर होता.

लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०) या कादंबरीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सुमारे साडेनऊ कोटी मैल त्रिज्येचे आणि जवळजवळ दहा लक्ष मैल रुंदीचे एक कडे कोणी अज्ञात स्थापत्यकारांनी बांधले आहे. ते सेकंदाला ७७० मैल वेगाने फिरते आणि त्या फिरण्यामुळे त्याच्या आतल्या बाजूवर पृथ्वीसारखे वजन भासते. या कादंबरीला ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही सन्मान मिळाले. तिच्यात वाचकांना दोन ठळक चुका सापडल्या. पहिली, नायक आपला वाढदिवस लांबविण्यासाठी नगरामागून नगर ओलांडतो, पण पहिल्या आवृत्तीत तो उलट्या दिशेने, पूर्वेकडे जातो. पुढच्या मुद्रणात ही चूक दुरुस्त झाली. दुसरी चूक गंभीर होती. १९७१ साली बोस्टन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी सभागृहाबाहेरच्या वाटांवरून ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ असा घोष करीत फिरले. त्यांचे गणित बरोबर होते. शनीची कडी घन व सलग असू शकणार नाहीत, हे लाप्लास आणि त्यानंतर १८५९ च्या आपल्या निबंधात मॅक्सवेल यांनी दाखविले होते. ताऱ्याभोवतीचे घन कडे किंचित जरी एका बाजूला सरकले, तरी जवळ आलेला भाग अधिक जोराने ओढला जातो. सरकणे वाढत जाते आणि शेवटी कडे ताऱ्यावर आदळते.

निव्हन यांनी या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणजे ‘द रिंगवर्ल्ड एंजिनिअर्स’ (१९८०) ही कादंबरी. कड्याच्या काठावर ते जागेवर राखणारी प्रचंड यंत्रे होती, असे तिच्यात उघड होते. परंतु तेवढ्यावर लेखक थांबला नाही. त्या कड्यावरच वाढलेल्या एका संस्कृतीने ती यंत्रे काढून आपल्या यानांना जोडली, कारण ती कशासाठी आहेत याची जाणीवच लोपली होती. आता कडे सरकू लागले आहे आणि सर्वांना वाचवावयाचे तर असंख्यांचा बळी द्यावा लागेल, असा पेच त्याने उभा केला. पहिल्या कादंबरीतील एक उणीव दुसऱ्या कादंबरीचा विषय झाली. आपले जग ज्याच्या आधाराने टिकले आहे तेच मोडून त्याची वाहने करणारा समाज, हे रूपक त्या घोषणेवाचून निव्हन यांना सुचले असते की नाही, सांगता येत नाही. वाचकांची चिकित्सा निर्मितीला पोषक ठरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

५

या उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. वादग्रस्त गोष्ट मनातल्या मनात दुरुस्त करावी आणि कथेतील काय ढासळते ते पाहावे. काहीच ढासळले नाही, तर ती चूक किरकोळ. रिंगवर्ल्डच्या नायकाची दिशा या वर्गात पडते. कथानक बदलावे लागले पण आशय शाबूत राहिला, तर ती चूक रचनेची. कड्याची अस्थिरता या वर्गातली. परंतु दुरुस्तीबरोबर कथेचा आशयच कोसळला, तर ती चूक मूलगामी होय, मग गणिताच्या दृष्टीने ती कितीही क्षुल्लक असो. दोषाचे वजन त्यावर टेकलेल्या भारावरून ठरते.

तिसऱ्या वर्गाचे नमुनेदार उदाहरण म्हणजे टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा. ती ऑगस्ट १९५४ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये आली. साथीने ग्रासलेल्या सहा माणसांसाठी लस घेऊन एक लहान यान निघाले आहे. त्यात मोजके इंधन आहे. भावाला भेटण्याच्या ओढीने एक अठरा वर्षांची मुलगी चोरून त्यात बसली आहे. तिचे वजन यानाला पेलणार नाही; ती राहिली तर ती, चालक आणि ते सहाजण, सारेच मरतील. म्हणून चालक तिला बाहेरच्या पोकळीत सोडतो. गॉडविन पुनःपुन्हा तिला वाचविण्याची युक्ती काढीत आणि संपादक जॉन कॅम्बेल तीन वेळा कथा परत पाठवीत, अशी नोंद आहे. निसर्गाचे नियम दयामाया जाणत नाहीत, त्यांत दोष कोणाचाच नसतो, हा कथेचा आशय आणि तिचा दरारा यांतच आहे.

वाचकांनी या कथेचा हिशेब दशकानुदशके तपासला. त्यांना सूत्रांत चूक आढळली नाही. चूक आढळली ती व्यवस्थेत. राखीव इंधनाचा लेशही न ठेवता यान कोण पाठवितो? ज्या दारातून आत जाणे म्हणजे मृत्यू, त्या दाराला कुलूप न लावता केवळ मनाईची पाटी कोण लावतो? उड्डाणापूर्वी यानाची झडती का होत नाही? आणि यानात फेकून देण्याजोगी दुसरी एकही जड वस्तू नाही काय? हे आक्षेप यंत्रशास्त्राचे दिसतात, पण त्यांचा घाव नीतीच्या मर्मावर बसतो. दाराला कुलूप लावले की मुलगी वाचते. आणि मुलगी वाचली की ‘दोष कोणाचाच नाही’ हे विधान उरत नाही. कोरी डॉक्टरो यांनी २०१४ साली ‘लोकस’ मासिकात याच दिशेने लिहिताना दाखविले की, ज्याला कथा निसर्गनियम म्हणते ती वस्तुतः लेखकाने आणि त्याच्या कल्पित अधिकाऱ्यांनी केलेली मांडणी आहे. माणसांच्या हलगर्जीपणाला विश्वाच्या नियमांचा मुखवटा चढविला गेला आहे.

संभाव्यतेची चिकित्सा येथे आपल्या सर्वोच्च कार्याला पोहोचते. तिने केवळ चूक दाखविली नाही, तर कथेने आपल्या निर्दयतेचे समर्थन कोठून उसने आणले हे उघड केले. ‘परिस्थितीच अशी होती’ या सबबीमागे कोणी परिस्थिती तशी घडविली हा प्रश्न दडलेला असतो. तो विचारावयास लावणारी समीक्षा पोरकट म्हणता येणार नाही. तरीही कथेचा प्रभाव नाहीसा होत नाही, हेही मान्य करावयास हवे. इतकी वर्षे वाचक त्या मुलीला वाचविण्याची युक्ती शोधीत आहेत, याचा अर्थ तिचे मरण त्यांना अजून सोसत नाही असाच होतो.

६

आता प्रामाण्याच्या वादाकडे वळता येईल. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत (१९६६ ते १९६९) क्लिंगॉन नावाच्या परक्या जमातीचे लोक जवळजवळ माणसांसारखेच दिसत. १९७९ सालच्या चित्रपटात अधिक खर्चाची रंगभूषा शक्य झाली आणि त्यांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. कथाविश्वात त्याचे कारण काय, हा वाद वाचक-प्रेक्षकांत पुढे कितीतरी वर्षे चालला. १९९६ साली त्याच विश्वातील दुसऱ्या एका मालिकेत हा प्रश्न एका क्लिंगॉन पात्राला विचारला जातो, तेव्हा आपण परक्यांशी त्याविषयी बोलत नाही असे सांगून तो विषय तोडतो. त्या एका उत्तरात विनोद होता, पात्राचा मानीपणा होता आणि प्रेक्षकांच्या चोखंदळपणाला दिलेली दादही होती. २००५ साली मात्र तिसऱ्या एका मालिकेने दोन भाग खर्ची घालून एका विषाणूची कथा रचली आणि कपाळांचा खुलासा पुरा केला. वर सांगितलेली कसोटी येथे लावली तर काय दिसते? कपाळांवर कथेचा कोणताच भार नव्हता. जेथे भार नव्हता तेथे आधाराचा खांब उभारण्यात आला. विसंगती गेली, परंतु १९९६ च्या उत्तरातील रहस्याची गोडीही तिच्याबरोबर गेली.

‘स्टार वॉर्स’मधील एक वाक्य याहून बोलके आहे. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो हा तस्कर आपल्या यानाची फुशारकी मारताना अमुक एक फेरी बारा पार्सेकांच्या आत पुरी केल्याचे सांगतो. पार्सेक हे अंतराचे माप आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांचे, वेळेचे नव्हे. ही लेखकाची चूक असा गवगवा झाला. वास्तविक त्या चित्रपटाच्या पटकथेतच अशी सूचना होती की, समोरच्याला दिपविण्यासाठी सोलोने केलेली ही उघड बनवाबनवी वृद्ध केनोबीच्या ध्यानात येते. म्हणजे ते असत्य पात्राच्या तोंडचे असत्य होते आणि त्याचे काम सोलोचा बढाईखोर स्वभाव दाखविण्याचे होते. परंतु विश्व निर्दोष असावे अशी आस बाळगणाऱ्यांना ते खुपत राहिले. नंतरच्या कादंबऱ्यांतून खुलासा आला: त्या मार्गालगत कृष्णविवरांचा समूह आहे, त्यांच्या जितके निकट जावे तितका मार्ग आखूड होतो, आणि म्हणून कमी अंतर हाच पराक्रम होय. २०१८ च्या चित्रपटाने तशाच धर्तीचा खुलासा पडद्यावर दाखविला. भूगोल बिनचूक झाला. फुशारकी मात्र खरी ठरली आणि बढाईखोर तरुण सत्यवक्ता बनला. काही असत्ये अशी असतात की त्यांची दुरुस्ती हाच दोष ठरतो. कारण त्या असत्यावर टेकलेला भार स्वभावचित्रणाचा असतो.

याच विश्वात प्रामाण्यावरील सत्तेचा प्रश्नही उघडपणे पुढे आला. डिस्ने कंपनीने २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली आणि २५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने असे जाहीर केले की, तोवर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या व चित्रकथा यांचा विस्तार यापुढे ‘लेजंड्स’ या नावाने ओळखला जाईल आणि नव्या कथांवर त्याचे बंधन असणार नाही. १९९१ पासून टिमथी झान प्रभृतींनी लिहिलेल्या आणि वाचकांनी वर्षानुवर्षे प्रमाण मानलेल्या कथा एका घोषणेने दंतकथा झाल्या. पुढे २०१६ साली झान यांच्याच कादंबरीतील थ्रॉन हे पात्र एका मालिकेतून अधिकृत विश्वात परत आले. आणि कृष्णविवरांचा खुलासाही, त्याची उगमस्थाने बाद झाली असता, वर सांगितल्याप्रमाणे चित्रपटात टिकून राहिला. व्यापाराच्या दृष्टीने या निर्णयाला कारणे होती आणि ती अवाजवी नव्हती; नव्या चित्रपटांच्या लेखकांना शेकडो पुस्तकांच्या तपशिलांत बांधून ठेवणे शक्य नव्हते. परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली. येथील प्रामाण्य हस्तलिखितांच्या पुराव्यातून आलेले नाही, कलाकृतीच्या अंतर्गत सुसंगतीतूनही नाही; ते मालमत्तेच्या हक्कातून आलेले आहे. मालक बदलला की इतिहास बदलतो.

दोन वादांतील खरा भेद येथे आहे. संभाव्यतेच्या वादात निर्णय देणारा निसर्ग हा कोणाच्याही मालकीचा नाही. बोस्टनच्या विद्यार्थ्यांना निव्हन यांची परवानगी लागली नाही. लेखक आणि वाचक दोघेही एकाच गणितापुढे समान होते आणि म्हणूनच त्यांचा वाद फलदायी झाला. प्रामाण्याच्या वादात वाचक निर्णयासाठी घोषणेकडे डोळे लावून बसतो, तेव्हा तो आपली चिकित्सा दुसऱ्याच्या हाती सोपवितो. अभ्यासकाने येथे भांडारकर मंदिराची रीत आठवावी. कथा अधिकृत आहे की नाही याहून, ती आधीच्या कथांतील भार पेलते की नाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कोणतीही घोषणा वाचकाकडून काढून घेऊ शकत नाही.

७

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. कथेचा भार कोठे टेकला आहे हे प्रत्येक वाचक आपापल्या रुचीने ठरवील, मग तिच्यात वस्तुनिष्ठता ती कोणती? आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते जितके वाटते तितके नाही. दुरुस्ती करून पाहण्याची कृती ही संहितेवर करावयाची असते. तिचा परिणाम दुसऱ्याला दाखविता येतो आणि त्यावर वाद घालता येतो. व्हर्नच्या तोफेचेच पाहावे. तिच्या जागी अग्निबाण बसविला तर प्रवासी जगतील, पण युद्ध संपल्यामुळे बेकार झालेल्या तोफबाजांच्या मंडळावर व्हर्नने केलेला उपहास नाहीसा होईल. तेव्हा तोफेतील शास्त्रीय दोष मान्य करूनही तोफ कथेत हवी, असा निर्णय कारणांसह देता येतो. रुचिभेदाने असा निर्णय बदलेल, पण त्याला कारणे द्यावी लागतील.

ही दृष्टी सर्वस्वी नवीन आहे असेही नाही. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा लहान दोष आणि तिचे चित्र ओळखू न येण्याजोगे काढणे हा मोठा दोष, असा विवेक ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त केलेला आहे. आनंदवर्धनानेही रसभंगाचे कारण अनौचित्यात शोधले. औचित्य म्हणजे प्रत्येक अंगाचे संपूर्णाशी असलेले नाते. विज्ञानकथेच्या बाबतीत एवढीच भर घालावयाची की, तिच्या अंगांत निसर्गनियमांचाही समावेश होतो. शिंग असलेली हरिणी चित्रात खपून जाईल. पण त्या चित्राचा विषयच शिंगांची झुंज असेल, तर तेथे प्राणिशास्त्राला बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

मराठीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. त्यांच्यासारखा खगोलशास्त्रज्ञच कथालेखक लाभल्यामुळे कथेतील विज्ञान बिनचूक हवे, हा आग्रह मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत आरंभापासून बळकट राहिला. हा आग्रह इष्टच आहे. परंतु त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न तितक्या नेटाने विचारला जात नाही: हे बिनचूक विज्ञान कथेत कोणता भार वाहते? पात्रांच्या तोंडी घातलेल्या व्याख्यानात विज्ञान अचूक असेल आणि तरी ते काढून घेतल्यास कथेचे काहीच ढासळत नसेल, तर त्या कथेला विज्ञानकथा म्हणावयाचे ते केवळ सजावटीवरून. उलट एखादा आकडा चुकलेला असूनही मेस्क्लिनच्या गुरुत्वाप्रमाणे ज्या कल्पनेने पात्रांचे मन घडविले आहे, ती कथा विज्ञानाशी अधिक प्रामाणिक आहे.

चूक शोधणारा वाचक हा कथेचा वैरी नव्हे. कथेने दिलेले वचन त्याच्याइतके गंभीरपणे क्वचितच कोणी घेतलेले असते. परंतु चूक सापडली म्हणजे निर्णय झाला असे त्याने मानू नये. चुकीचे माप गणित देते. तिचे वजन किती, हे कथा पुन्हा वाचूनच ठरवावे लागते.